नादांची बेरीज : स्वयंभू गंधारापासून संगणकापर्यंत

तंबोरा नीट जुळला आणि जवारी बरोबर लागली, की खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो. चार तारांपैकी एकही तार गंधाराला लावलेली नसते. तरी तो येतो, आणि बराच वेळ टिकतो. आपल्या गवयांनी त्याला नाव दिले 'स्वयंभू गंधार'. देवळातली पाषाणाची मूर्ती कुणी घडवलेली नसली की आपण तिला स्वयंभू म्हणतो, तसेच हे.

भौतिकशास्त्र याचे उत्तर सरळ देते. समजा, खर्जाचा षड्ज १३० हर्ट्झचा आहे, म्हणजे तार सेकंदाला १३० वेळा कंप पावते. पण तार एवढ्यावर थांबत नाही. ती त्याच वेळी दोन भागांतही कंप पावते, तीन भागांतही, चार आणि पाच भागांतही. म्हणून १३० बरोबर २६०, ३९०, ५२०, ६५० असे नाद निघतच असतात. २६० म्हणजे वरचा षड्ज, ३९० म्हणजे पंचम, ५२० म्हणजे त्याहून वरचा षड्ज आणि ६५० म्हणजे गंधार. या वरच्या नादांना उपस्वर म्हणू. एका तारेतून निघणारा एक स्वर हा मुळात एक नसतोच. ती एक बेरीज असते.

आता उलट प्रश्न विचारून पाहा. स्वर जर बेरीज असेल, तर एकेक उपस्वर सुटा तयार करून, ते सगळे योग्य प्रमाणात एकत्र केले, तर तंबोरा नसताना तंबोऱ्याचा स्वर निघेल का? या एका प्रश्नामागे युरोप-अमेरिकेतील माणसे दीडशे वर्षे लागली होती. आज संगणकावरच्या सॉफ्टवेअर सिंथेसायझरमध्ये हे काम काही मिनिटांत होते. त्याला 'ॲडिटिव्ह सिंथेसिस' म्हणतात, म्हणजे बेरजेने नाद घडवणे. हा इतिहास वाटतो तितका परका नाही. तो मिरज-सांगलीवरून जातो, मुंबईच्या सिनेमा स्टुडिओंतून जातो, आणि शेवटी आपल्या चवथीच्या घुमटापाशी येऊन अडतो.

सुरुवातीलाच दोन गोष्टींतला फरक स्पष्ट करतो. वाद्याचा आवाज यंत्रात आणण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली सॅम्पलिंग. खऱ्या वाद्याचा एक स्वर ध्वनिमुद्रित करायचा आणि कळ दाबली की तोच वाजवायचा. दुसरी ही बेरजेची. आमच्या सरकारी भाषेत सांगायचे तर सॅम्पल म्हणजे दस्तऐवजाची झेरॉक्स. मूळ कागदावरचा डागसुद्धा तिच्यात उतरतो, पण तिच्यातला एक शब्द बदलता येत नाही. बेरजेची रीत म्हणजे तोच दस्तऐवज अक्षरन् अक्षर वाचून पुन्हा टाइप करणे. कष्ट फार, चुकांची भीती फार, पण एकदा टाइप झाला की हवे ते कलम बदला, हवी ती ओळ वगळा. या दोन रीतींची ओढाताण हाच या इतिहासाचा गाभा आहे.

बेरजेचे गणित मांडले ते जोझेफ फूरिए या फ्रेंच गणितज्ञाने, आणि गंमत अशी की तो नादाचा विचार करतच नव्हता. त्याचा विषय उष्णता. धातूच्या कांबीतून उष्णता कशी पसरते हे शोधताना त्याने १८०७ साली असे मांडले, की कितीही वेडीवाकडी पण पुन्हापुन्हा तशीच येणारी लाट ही साध्या, गुळगुळीत लाटांची बेरीज म्हणून लिहिता येते. लाग्रांजसारख्या ज्येष्ठ गणितज्ञाने यावर आक्षेप घेतला. फूरिएचे पुस्तक बाहेर यायला १८२२ उजाडले. १८४३ साली गेओर्ग ओम या जर्मन शास्त्रज्ञाने (विजेच्या अवरोधाचे एकक ज्याच्या नावाने आहे तोच) हा नियम कानाला लावला. आपला कान एखाद्या स्वराचे असेच साध्या नादांत पृथक्करण करतो, असे त्याचे म्हणणे होते.

हे प्रयोगाने दाखवून दिले हेर्मान हेल्महोल्ट्झने. १८६३ साली त्याचा स्वरसंवेदनांवरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याने काच आणि पितळ यांचे पोकळ गोळे करून घेतले. प्रत्येकाला दोन तोंडे : एक मोठे, नाद आत शिरण्यासाठी, आणि दुसरे निमुळते, कानात धरण्यासाठी. प्रत्येक गोळा एकाच ठरावीक नादाला जागा होतो. वेगवेगळ्या आकाराचे गोळे एकामागून एक कानाला लावले की समोरच्या स्वरातला एकेक उपस्वर सुटा ऐकू येतो. (दोन तोंडांचा पोकळ गोळा हे वर्णन लक्षात ठेवा. त्याच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.)

पण हेल्महोल्ट्झ वजाबाकीवर थांबला नाही. त्याने विजेच्या चुंबकांवर सतत वाजत राहणारे नादकाटे ओळीने मांडले, प्रत्येकापुढे एकेक अनुनादक ठेवला आणि त्याचे झाकण कमीजास्त उघडून त्या त्या उपस्वराचा जोर कमीजास्त केला. अशा रीतीने त्याने काट्यांकडून चक्क स्वरवर्णांसारखे ध्वनी काढून घेतले. बेरजेने आवाज घडवणारे हे आद्य यंत्रच म्हणायचे. त्यातून त्याने सिद्धांत काढला : वाद्याचा 'रंग', म्हणजे बासरी बासरीसारखी आणि सनई सनईसारखी का वाटते, हे कोणता उपस्वर किती जोरात आहे यावर ठरते. हा सिद्धांत पुढे शंभर वर्षे पाठ्यपुस्तकांत राहिला. तो अर्धाच खरा होता, हे नंतर कळले.

या नादमापनाची लाट आपल्याकडेही आली होती. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मदतीने स्वरांची मोजणी केली आणि १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक प्रसिद्ध केले. अर्नेस्ट क्लेमेंट्स हे इंग्रज न्यायाधीश त्यांचे सहकारी झाले आणि त्यातून श्रुती-हार्मोनियम निघाले. देवलांचे निष्कर्ष भातखंडे आदी विद्वानांना पटले नाहीत, तो वाद वेगळा. पण सरकारी नोकरीतून बाहेर पडलेला एक मराठी माणूस स्वर मोजायला बसला, याचे मला नेहमीच अप्रूप वाटत आले आहे.

तिकडे अमेरिकेत नाद मोजण्यापेक्षा विकण्याचा विचार सुरू झाला. थॅडियस केहिल याने १८९७ साली एका यंत्राचे पेटंट घेतले. पुढे ते टेलहार्मोनियम या नावाने ओळखले गेले. कल्पना अशी : प्रत्येक उपस्वरासाठी एक विजेचे जनित्र फिरवायचे, त्यांचे प्रवाह हव्या त्या प्रमाणात मिसळायचे आणि हे संगीत टेलिफोनच्या तारांवरून हॉटेलांत आणि घरांत पोचवायचे. तेव्हा ध्वनी मोठा करणारे ॲम्प्लिफायर नव्हते. त्यामुळे सगळा जोर जनित्रांनीच निर्माण करायचा होता, आणि म्हणूनच १९०६ साली न्यूयॉर्कमध्ये उभे राहिलेले यंत्र सुमारे २०० टनांचे झाले. एक वाद्य हलवायला मालगाडी लागली. संगीत लोकांना आवडले, पण त्याचा जोरदार प्रवाह शेजारच्या टेलिफोनच्या तारांत घुसू लागला आणि लोकांच्या बोलण्यात ऑर्गन वाजू लागला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कंपनी बुडाली.

केहिलची कल्पना मात्र बुडाली नाही. घड्याळे बनवणाऱ्या लॉरेन्स हॅमंडने ती एका लाकडी पेटीत मावेल एवढी केली आणि १९३५ साली हॅमंड ऑर्गन बाजारात आला. आत दातेरी तबकड्या फिरतात, प्रत्येक तबकडी एक साधा नाद देते. बाहेर नऊ दांड्या. जी दांडी जेवढी ओढाल तेवढा तो उपस्वर मिसळतो. म्हणजे वादकाच्या हातात नऊ आकड्यांची बेरीज दिली. चर्चना तो परवडू लागला, आणि पाइप ऑर्गन बनवणारे अस्वस्थ झाले. कंपनीच्या जाहिरातींविरुद्ध अमेरिकन सरकारच्या व्यापार आयोगाकडे प्रकरण गेले. शिकागो विद्यापीठाच्या चॅपेलमध्ये पडद्याआडून दोन्ही ऑर्गन वाजवून परीक्षा झाली. जाणकारांनाही पुष्कळ वेळा ओळखता आले नाही. तरीही आयोगाने कंपनीला बजावले, की पाइप ऑर्गनचे सगळे रंग यातून निघतात असा दावा करू नका. ते योग्यच होते. हॅमंडमध्ये सातवा उपस्वर नाहीच, आणि त्याचे काही उपस्वरही सम-विभाजित सप्तकातल्या शेजारच्या तबकड्यांकडून उसने घेतलेले, म्हणून किंचित बेसूर. आणखी एक दोष होता. कळ दाबताना विजेचा संपर्क होऊन 'टिक्' असा आवाज यायचा. कंपनीने तो घालवायचा खूप प्रयत्न केला. पुढे जॅझ वादकांना नेमका तोच आवडला! स्वराच्या आरंभीची ही खरखर स्वराचाच भाग असते, हे वादकांना शास्त्रज्ञांच्या आधी समजले होते.

शास्त्रज्ञांना ते समजले संगणक आल्यावर. १९५७ साली बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूजने संगणकाकडून नाद काढणारा प्रोग्राम लिहिला. तत्त्वतः आता कोणताही नाद शक्य होता. फक्त आकडे द्यायचे. म्हणून पाठ्यपुस्तकातले ट्रम्पेटचे आकडे दिले. यंत्रातून जे बाहेर आले त्याला कुणी ट्रम्पेट म्हणेना. ते बेजान, ऑर्गनसारखे काहीतरी होते. हेल्महोल्ट्झच्या सिद्धांतात काहीतरी राहून गेले होते.

काय राहिले ते शोधले जाँ-क्लोद रिसे (१९३८–२०१६) याने. हा फ्रेंच माणूस भौतिकशास्त्रज्ञही होता आणि संगीतकारही. १९६४ साली तो बेल प्रयोगशाळेत आला. त्याने खऱ्या ट्रम्पेटचे स्वर मुद्रित केले आणि संगणकाकडून प्रत्येक उपस्वर क्षणाक्षणाला मोजून घेतला. तेव्हा दिसले की उपस्वरांचे प्रमाण स्थिर नसतेच. स्वर सुरू होताना खालचे उपस्वर आधी येतात, वरचे मागाहून. हे सगळे सेकंदाच्या काही शतांशांत घडते. आणि वादकाने फुंकेचा जोर वाढवला की सगळे उपस्वर सारखे वाढत नाहीत, वरचे जास्त वाढतात. म्हणून जोरात वाजलेला ट्रम्पेट नुसता मोठा नसतो, तो झळझळीत असतो. हे बारकावे घालून रिसेने ट्रम्पेट पुन्हा घडवला, तेव्हा खरा कोणता आणि संगणकाचा कोणता हे सांगणे अवघड झाले. १९६९ साली त्याने अशा घडवलेल्या नादांची एक सूचीच केली. त्यात घंटा होत्या, तालवाद्ये होती, आणि प्रत्येकाची कृती आकड्यांत दिलेली होती. पाककृतीच्या वहीसारखी. आमटी कशी झाली हे नुसते सांगायचे नाही, मीठ किती आणि ते केव्हा घातले हे लिहून ठेवायचे.

या शोधाचा अर्थ फार मोठा आहे. पियानोची टेप उलटी वाजवली तर उपस्वर तेच राहतात, पण पियानो पियानो वाटत नाही. कारण कान ओळखतो ते प्रमाण नव्हे, बदल. स्वर कसा जन्मतो आणि कसा मावळतो यावरून तो वाद्याची ओळख पटवतो.

आता अडचण कष्टांची. समजा एका स्वरात शंभर उपस्वर आहेत. प्रत्येकाचा जोर कसा बदलतो याची एक रेषा, आणि कंपनसंख्या कशी हलते याची एक. एका स्वराला दोनशे रेषा झाल्या. त्याच वाद्याचा दुसरा स्वर घेतला की पुन्हा दोनशे. हलका वाजवला तर वेगळ्या, जोरात वाजवला तर वेगळ्या. स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन ग्रे आणि जेम्स मूरर यांनी १९७० च्या दशकात दाखवले, की या वेड्यावाकड्या रेषांऐवजी मोजक्या सरळ तुकड्यांनी काम भागते, कानाला फरक क्वचितच कळतो. तरी काम अवघडच राहिले.

मग झेरॉक्सची रीत पुढे सरसावली. तिची सुरुवात खरे तर टेपने झाली होती. १९६३ च्या मेलोट्रॉनमध्ये प्रत्येक कळीखाली एक टेप होती, जेमतेम आठ सेकंदांची. १९७९ साली सिडनीत पीटर व्होगेल आणि किम रायरी या दोघांनी फेअरलाइट हे संगणकीय वाद्य आणले. फेअरलाइट हे सिडनीच्या खाडीतल्या एका फेरीबोटीचे नाव. (आपल्याकडे कुणी वाद्य काढले असते तर त्याचे नाव 'बेती' किंवा 'चोडण' ठेवले असते, असे उगाच वाटून गेले.) या दोघांना मुळात आकड्यांतूनच नाद घडवायचा होता, पण तो जिवंत होईना. तेव्हा खऱ्या वाद्याचा नादच थेट स्मृतीत भरला, आणि लोक थक्क झाले. एका आवाजाला जागा १६ किलोबाइट, म्हणजे जेमतेम सेकंदभराचा नाद, आणि किंमत घराएवढी. तरी जगभरच्या स्टुडिओंनी ते घेतले. पुढे स्मृती स्वस्त होत गेली आणि सॅम्पलरही. १९८७ साली दोन जपानी वाद्ये एकाच वर्षी आली. कावाईचे के-५ हे शुद्ध बेरजेचे, १२६ उपस्वर हाताळण्याची सोय असलेले. ते फारसे कुणाला जमले नाही. रोलंडचे डी-५० मात्र तुफान खपले. त्याची युक्ती रिसेच्या शोधासारख्या संशोधनातूनच सुचेल अशी होती : स्वराचा आरंभ तेवढा खऱ्या वाद्याच्या सॅम्पलचा, पुढचा भाग यंत्राने घडवलेला. ओळख आरंभातच पटते, मग पुढे काय आहे याची कान फारशी चौकशी करत नाही.

इथे आपल्याकडच्या एका जुन्या गोष्टीची आठवण येते. 'नागिन' (१९५४) या सिनेमातली पुंगी ऐकून साप येतात असे लोक सांगत. ती पुंगी नव्हती. ते क्लॅव्हिओलिन नावाचे विजेवरचे लहान वाद्य होते, आणि ते वाजवले होते कल्याणजींनी, पुढच्या कल्याणजी-आनंदजी जोडीतल्या. ते बेरजेचे वाद्य नव्हते, पण मुद्दा तोच. आवाज ऐकू आला म्हणून वाद्य आणि वादक तिथे होताच असे नाही, ही गोष्ट तेव्हापासूनची.

त्या काळी ती गंमत होती. पुढे ती अनेक गोमंतकीय घरांच्या पोटापाण्याची बाब झाली. मुंबईच्या सिनेसंगीताचे वाद्यवृंद बऱ्याच अंशी आपल्या माणसांनी उभे केले. चर्चच्या शाळांतून नोटेशन आणि व्हायोलिन शिकून गेलेले गोमंतकीय वादक स्टुडिओत बसत आणि सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड यांच्यासारखे संयोजक त्यांच्यासाठी स्वरलिपी लिहीत. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले, आणि १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये गुरूचे नाव गाण्यातून घरोघरी पोचले. मात्र १९८० च्या दशकापासून सिंथेसायझर आणि सॅम्पलर आले, १९९० च्या दशकात संगणक आला, आणि पन्नास व्हायोलिनांच्या जागी एक कीबोर्ड पुरू लागला. त्या कीबोर्डात जे व्हायोलिन होते तेही कधीतरी कुठल्यातरी हाडामांसाच्या वादकानेच वाजवलेले होते. एकदा वाजवून घेतले, आणि मग कायमचे वाजत राहिले. झेरॉक्स निघाली की मूळ कागदाला कुणी विचारत नाही, हा अनुभव कार्यालयात आम्हालाही रोजचा आहे.

बेरजेची रीत तेव्हा जवळजवळ मोडीत निघाली होती. ती परत आली सॉफ्टवेअरमुळे. पूर्वी दोनशे रेषा माणसाने आखायच्या होत्या, आता संगणक त्या स्वतः काढू लागला. सॅम्पल द्यायचे, तो त्याची वजाबाकी करून सगळे उपस्वर सुटे करतो, आणि त्याच आकड्यांतून बेरीज करून तोच नाद पुन्हा उभा करतो. रुमानियाच्या एका प्रोग्रामरने २००२ साली झिनॲडसबएफएक्स नावाचा सिंथेसायझर फुकट उपलब्ध करून दिला. त्यात बेरजेने नाद घडवता येतो, साध्या संगणकावर. सॅम्पलवरून नाद पुन्हा घडवणारे 'अल्केमी' हे सॉफ्टवेअर आधी कॅमल ऑडिओचे होते, २०१५ साली ते ॲपलकडे गेले आणि लॉजिक या त्यांच्या प्रोग्रामचा भाग झाले.

सॅम्पल हाताशी असताना हा द्राविडी प्राणायाम कशाला, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर तंबोऱ्यातच आहे. तंबोऱ्याचे सॅम्पल काळी एक मधून काळी चारमध्ये न्यायचे तर ते नुसते वेगाने वाजवावे लागते. स्वर चढतो, पण त्याबरोबर भोपळाही लहान होतो. रेकॉर्ड जास्त वेगाने फिरवली की गायक बोबडा वाटतो, तसे. बेरजेच्या रीतीत उपस्वर वर सरकवा आणि भोपळ्याची घुमारी जागच्या जागी ठेवा. दुसरे म्हणजे, सॅम्पल छोटे असले की तेच ते फिरून येते आणि कानाला ती घाण्याच्या बैलाची चाल लगेच समजते. बेरजेत प्रत्येक छेडीला थोडा फरक ठेवता येतो.

तंबोऱ्याला ही रीत विशेष मानवण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते सी. व्ही. रामन यांनी १९२१ सालीच दाखवले होते. तार ज्या बिंदूवर छेडली, तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असतो तो उपस्वर उमटू नये, असा युरोपीय वाद्यांवरून बांधलेला नियम होता. रामन यांनी दाखवले की तंबोरा आणि वीणा हा नियम मोडतात. कारण घोडीचा वरचा भाग सपाट धारेचा नसून किंचित बाकदार असतो. तार कंप पावताना त्याला पुन्हापुन्हा स्पर्श करते, खालचा सुताचा धागा तो स्पर्श नेमका करतो, आणि तारेची शक्ती खालच्या उपस्वरांकडून वरच्यांकडे सरकत जाते. म्हणजे इथे प्रत्येक उपस्वराची फुलण्याची वेळ वेगळी आहे. मिरजेच्या कारागिराने घोडी घासून 'जवारी काढणे' म्हणजे या शेकडो रेषा हाताने आणि कानाने आखणे. (मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते उगाच नव्हे.) संगणकाला तंबोरा उतरवताना जे आकडे लागतात ते पाहिले की त्या कारागिराला हात जोडावेसे वाटतात.

तरीही बेरीज पूर्ण होत नाही. बासरी ऐका. स्वराबरोबर फुंकेचा सूंऽऽ असा आवाज असतो. तो कुठल्याच एका कंपनसंख्येचा नाही, सगळ्या एकदम आणि अनियमित. साध्या लाटांच्या बेरजेने तो करायला गेलात तर हजारो लाटा लागतील. स्टॅनफर्डमध्ये शावियेर सेर्रा याने १९८९ साली यावर तोडगा काढला. नादाचे दोन हिस्से करायचे : जे मोजता येते ते उपस्वरांच्या बेरजेत, आणि उरलेली खरखर वेगळी, गाळून घेतलेल्या गोंगाटाच्या रूपात. दोन्ही एकत्र केले की बासरी श्वास घेऊ लागते. हाच सेर्रा पुढे बार्सिलोनाहून हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीताच्या संगणकीय अभ्यासाचा मोठा प्रकल्प २०११ पासून चालवत होता. गूगलच्या संशोधकांनी २०२० साली मांडलेली पद्धतही याच वाटेवरची : उपस्वरांची बेरीज अधिक गाळलेला गोंगाट. फक्त आकडे ठरवायचे काम त्यांनी शिकणाऱ्या यंत्राकडे दिले. सुमारे १३ मिनिटांचे व्हायोलिन ऐकवले, आणि यंत्र गळ्यातली तान व्हायोलिनच्या आवाजात म्हणू लागले.

आता घुमट. मातीचा पोकळ घडा, त्याला दोन तोंडे : मोठ्या तोंडावर कातडे, लहान तोंड उघडे. हेल्महोल्ट्झच्या गोळ्याचे वर्णन आठवा. वादकाचा उजवा हात कातड्यावर पडतो आणि डावा तळवा लहान तोंड झाकतो, उघडतो. तोंड किती उघडे आहे यावर आतल्या हवेचा नाद बदलतो. हेल्महोल्ट्झने झाकणे सरकवून जे केले तेच आमचा आरती वाजवणारा पोर तळव्याने करतो, आणि तेही शामेळ-कांसाळ्यांच्या लयीत.

घुमट बेरजेला सहजी वश होणारे वाद्य नाही. तबल्याच्या शाईमुळे त्याचे उपस्वर जवळजवळ १, २, ३ अशा सुरेल पटींत येतात, हेही रामन यांनीच १९२० साली सांगितले. शाई नसलेल्या साध्या गोल कातड्याचे उपस्वर १, १.५९, २.१४, २.३० असे विस्कटलेले असतात. घुमटाला शाई नाही. त्याचा ठोका क्षणात विरतो, त्यात खरखर भरपूर, आणि डाव्या हाताने नाद मध्येच वळतो. सॅम्पल घेतले तर तो एकच वळसा पुन्हापुन्हा ऐकू येईल. बेरीज करायची तर प्रत्येक वळशाची मोजणी करावी लागेल.

आणि ती मोजणी करायची वेळ निघून चालली आहे. घुमटाला पूर्वी घोरपडीचे कातडे असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण दिले, ते योग्यच झाले. वाद्यासाठी जनावर मारावे असे आज कुणी म्हणणार नाही. बकऱ्याच्या कातड्याचे घुमट आले, आणि २०१९ साली सरकारने घुमटाला गोव्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. पण जुना आवाज आणि नवा आवाज यांत फरक आहे हे म्हातारे वादक सांगतात. तो फरक नेमका कशात आहे? खालच्या नादात, वरच्या खरखरीत, की ठोका विरण्याच्या वेळेत? याचे उत्तर आठवणीवर सोडले तर एका पिढीत ते पुसले जाईल. एक-चौदाच्या उताऱ्यात नोंद नसलेल्या शेताचे काय होते हे गोव्यात कुणाला सांगायला नको.

बेरजेच्या या शास्त्राचा मला खरा उपयोग दिसतो तो इथे. घुमटाच्या जागी कीबोर्ड आणण्यासाठी नव्हे. तसे झाले तर मुंबईच्या व्हायोलिनवाल्यांचे जे झाले तेच आपल्या आरतीच्या पोरांचे होईल. उपयोग नोंदीचा. जुन्या घुमटाचे आकडे हाती असले, तर नवे कातडे कमावणाऱ्याला, घडा भाजणाऱ्या कुंभाराला कुठे जायचे आहे ते दाखवता येईल. कातडे किती पातळ, घड्याचे तोंड किती रुंद, हे प्रयोगाने ठरवून जुन्या आवाजाच्या जवळ जाता येईल. रिसेने ट्रम्पेट वाजवणाऱ्याला घरी बसवण्यासाठी ट्रम्पेट मोजला नव्हता. ट्रम्पेट म्हणजे काय हे त्याला समजून घ्यायचे होते.

त्यासाठी नवी यंत्रसामग्री लागत नाही. पृथक्करण करणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात, साधा संगणक पुरतो. लागतात ती जुनी ध्वनिमुद्रणे. तीसचाळीस वर्षांपूर्वी चवथीच्या आरत्या टेपरेकॉर्डरवर भरून ठेवायची अनेक घरांत हौस होती. त्या कॅसेटी पेटाऱ्यात, माळ्यावर, पावसाळी दमटपणात बुरशी खात पडल्या असतील. वाचकांपैकी कुणाकडे अशा असतील तर यंदाच्या पावसाआधी त्या बाहेर काढून संगणकावर उतरवून घ्याव्यात, आणि कॅसेटवर गाव, साल आणि वाजवणाऱ्यांची नावे आठवतील तेवढी लिहून ठेवावीत. आकडे त्यातून नंतर कधीही काढता येतील.